पात्यावरचे नाव

नाशिकच्या नावामागे एक पाते आहे. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका छेदली, त्यावरून गावाला नाव पडले, ही कथा इथे पोरासोरांनाही ठाऊक असते. खड्ग कोणी चालवले हे कथा सांगते. ते कोणी घडवले, हे सांगत नाही. हीच विस्मृती आपल्या स्वयंपाकघरातही आहे.

गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातली भाजी पिढ्यान्‌पिढ्या विळीवर चिरली गेली. विळीत पाते स्थिर आणि भाजी फिरती. पाटावर पाय दाबून बसले की दोन्ही हात मोकळे राहतात. आता ओट्यावर सुरी आली आणि हौशी घरांत हातघडणीची जपानी सुरीही. बारा ते पंधरा सेंटिमीटर पात्याच्या या छोट्या सुरीला जपानी लोक ‘पेटी’ म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ ‘लहान’. तिच्या पात्यावर बहुधा घडवणाऱ्या लोहाराचे किंवा पेढीचे नाव कोरलेले असते.

या नावाला इतिहास आहे. ओसाकाजवळच्या साकाई गावच्या तंबाखू कापायच्या सुऱ्यांना शोगुनांच्या राजवटीत खास शिक्का मिळाला. १८७६ साली तलवार बाळगून हिंडण्यावर बंदी आली, तेव्हा अनेक तलवारकार सुऱ्या-विळ्यांकडे वळले. हत्यार बदलले, पण कारागिराची प्रतिष्ठा बरीचशी टिकली.

आपल्याकडे दोनच वर्षांनी, १८७८ साली, इंग्रजांचा शस्त्रकायदा आला. पूर्वजांनी सैन्यासाठी हत्यारे घडवली असे सांगणारा घिसाडी समाज गावोगाव पाल ठोकून विळे, कोयते, खुरपी घडवत राहिला. आज तो भटक्या जमातींच्या यादीत आहे. पुरुष सांडशीने लोखंड धरतो आणि बाई घण घालते, हे त्यांच्या कामाचे ओळखीचे चित्र.

त्यांचे लोखंड बहुधा मोडीतले, मोटारीच्या कमानपाट्याचे. त्यात कर्ब साधारण अर्धा टक्का किंवा थोडा अधिक. जपानी ‘शिरोगामी’ पोलादात एक टक्क्याहून जास्त. म्हणून जपानी पाते अधिक कडक होते, धार अधिक टिकते. पण ते ठिसूळही असते, म्हणून कडक गाभ्याला अनेकदा मऊ लोखंडाची साथ देतात. कमानपाट्याची धार लवकर बोथटते, पण सहसा तुटत नाही आणि घरच्या दगडावर पाजळता येते. रोज नारळ-भोपळ्याशी गाठ असलेल्या विळीला हाच गुण हवा.

दोन्हीकडचे मर्म मात्र एकच: पाणी देणे. लालबुंद पाते एकदम बुडवले की ते कडक होते. मग बेताने पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. त्याआधीची घडणही लाली टिकेपर्यंतच करायची असते. थंड लोखंडावर घातलेला घाव वाया जातो, म्हणून हात झपाझप चालवावा लागतो.

मराठीत धांदरट, बेफिकीर कामाला आपण ‘घिसाडघाई’ म्हणतो. त्या शब्दात घिसाड्याचे नाव ऐकू येते, पण त्याच्या घाईमागची शिस्त ऐकू येत नाही. साकाईच्या लोहाराचे नाव पात्यावर गेले. आपल्या लोहाराचे नाव दूषणात उरले. आपणही हौसेने भांड्यांवर नावे घालतो, पण ती मालकाची.