फाल्कनचा जीर्णोद्धार

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळणी होऊन मुंबईच्या रस्त्यांवर उतरलेल्या डॉज आणि प्लिमथ गाड्या ज्यांच्या पाहण्यात होत्या, त्यांच्या दृष्टीने अमेरिकन मोटार म्हणजे ऐसपैस, लांबरुंद आणि पेट्रोलच्या बाबतीत सढळ हाताची वस्तू. ही समजूत निराधार नव्हती. कारण दुसऱ्या महायुद्धानंतरची दहा-बारा वर्षे डेट्रॉइटच्या कारखानदारांनी गाडीची लांबी आणि मागच्या पत्र्याला फुटलेले पंख यांतच वैभव मानले होते. पुढे १९५८ च्या सुमारास मंदी आली, जर्मनीची लहानखुरी फोक्सवॅगन गिऱ्हाइके पळवू लागली, रॅम्बलर आणि स्टुडबेकर लार्क या घरच्याच लहान गाड्यांना मागणी येऊ लागली. तेव्हा कुठे तिन्ही बड्या कंपन्यांनी आपला आग्रह सोडला आणि १९६० च्या मोसमासाठी शेव्हरोलेची कॉर्व्हेअर, क्रायस्लरची व्हॅलियंट आणि फोर्डची फाल्कन अशा तीन आटोपशीर गाड्या बाजारात आणल्या.

तिघींचे स्वभाव भिन्न. कॉर्व्हेअरचे इंजिन मागे आणि हवेने थंड होणारे. तिच्या मागच्या चाकांच्या रचनेवर राल्फ नेडर यांनी १९६५ साली आपल्या पुस्तकात कठोर आक्षेप घेतले आणि १९६९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. व्हॅलियंटचे इंजिन तीस अंशांनी कलते बसविलेले, आणि टिकाऊपणाबद्दल त्या इंजिनाची ख्याती आजही आहे. फाल्कनमध्ये मात्र नावीन्य असे काहीच नव्हते, आणि माझ्या मते तेच तिचे खरे बलस्थान. जमाखर्चात मुरलेले फोर्डचे अधिकारी रॉबर्ट मॅक्नमारा, जे पुढे केनेडींच्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री झाले, तिचे पुरस्कर्ते होते. आणि साधी, हलकी, स्वस्त व दुरुस्तीला सोपी गाडी हवी या त्यांच्या आग्रहातून सुमारे पंधरा फूट लांबीची, सहा सिलिंडरांची, स्वतंत्र चौकट नसलेली ही गाडी जन्मली. तिच्या जाहिरातीसाठी चार्ल्स शुल्झ यांच्या चित्रमालिकेतील चार्ली ब्राउन आणि मंडळी प्रथमच पडद्यावर हलू-बोलू लागली, आणि पहिल्याच मोसमात चार लाखांहून अधिक फाल्कन खपल्या.

अशी वापरून टाकून देण्याजोगी गाडी साठ वर्षांनंतर हौशी मंडळींच्या गॅरेजात सन्मानाने उभी असते, याचे श्रेय तिच्या प्रसिद्ध कन्येला दिले पाहिजे. एप्रिल १९६४ मध्ये अवतरलेली मस्टँग डौलाने कितीही निराळी दिसली, तरी तिचा सांगाडा आणि यंत्रसामग्री बव्हंशी फाल्कनकडूनच आलेली. मस्टँगचे भक्त असंख्य, सबब तिचे सुटे भाग आजही नव्याने घडविले जातात. आणि फाल्कनवाल्यांना त्यांतले कित्येक जसेच्या तसे किंवा थोडक्या खटपटीने लागू पडतात. जे फाल्कनचे एकटीचे, उदाहरणार्थ तिच्या अंगावरच्या चकचकीत पट्ट्या आणि नावाची अक्षरे, त्यांच्यासाठी मात्र भंगारवाल्यांचे वाडे पालथे घालावे लागतात.

परंतु या मंडळींची खरी परीक्षा घेतो तो गंज. समोरच्या काचेखाली, बॉनेटच्या मागच्या काठाला, आत ताजी हवा यावी म्हणून जाळीदार फटी ठेवलेल्या असतात आणि त्यांच्याखाली दोन पत्र्यांमध्ये एक बंदिस्त पोकळी असते. वर्षानुवर्षे त्या पोकळीत झाडांची पाने पडून कुजतात, पावसाचे पाणी साचते, आणि हवेच्या नळीभोवतीचा पत्रा आतून खाल्ला जाऊन ते पाणी निमूटपणे बसणाऱ्याच्या पायांशी उतरते. जाणकार परीक्षक म्हणूनच रंगाची तकाकी पाहत बसत नाही. तो जाळीवर रबरी नळीने पाणी सोडवितो आणि स्वतः विजेरी घेऊन डॅशबोर्डखाली उताणा पडतो. थेंब दिसला की पुढचा हिशेब ठरलेला: कारखान्यात ठिपक्या-ठिपक्यांनी केलेले वेल्डिंग ड्रिलने एकेक करून सोडवायचे, वरचा पत्रा उचलायचा, कुजका भाग कापून नवा बसवायचा आणि सारे पुन्हा जोडायचे. काही उतावळे लोक वरूनच राळ ओतून भोक बुजवितात. ते काम एखाद्या पावसाळ्यापुरते.

पत्र्याचे काम संपले की वादाला आरंभ होतो. एक पक्ष म्हणतो, कारखान्यातून निघाली तशीच गाडी राखली पाहिजे, अगदी स्टीअरिंगखालचा तीन गिअरांचा दांडासुद्धा. दुसऱ्या पक्षाला जुने रूप हवे, परंतु चाल नवी हवी. मूळच्या इंजिनात हवा-पेट्रोलाची नळी सिलिंडरच्या माथ्यातच ओतीव असल्यामुळे ताकद वाढविण्यास वाव फारसा नाही. म्हणून चार मुख्य बेअरिंगांचे जुने इंजिन उतरवून सात बेअरिंगांचे दोनशे घनइंची इंजिन बसवितात, किंवा १९६३ पासून फोर्डनेच दिलेला आठ सिलिंडरांचा मार्ग धरतात. हा दुसरा मार्ग खर्चाचा, कारण सहा सिलिंडरांच्या गाडीची चाके चार बोल्टांची, आठवाल्या गाडीची पाच बोल्टांची; इंजिन बदलले की चाके, मागचा आस, ब्रेक, स्प्रिंगा अशी सारी वरात पाठोपाठ येते. इंजिनासाठी जागा करण्याकरिता पुढच्या स्प्रिंगांचे उभे मनोरे कापून टाकणारेही आहेत. ज्या गाडीला स्वतंत्र चौकटच नाही तिचे खांब असे कापणे मला धाडसापेक्षा अविचाराचे वाटते. त्यापेक्षा दोन्ही मनोरे मागच्या भिंतीशी जखडणारी मजबूत पट्टी बसविली, तर थोडक्यात पुष्कळ काम होते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र जुन्याचा अभिमान मला मुळीच मान्य नाही. सुरुवातीच्या फाल्कनमध्ये चारी चाकांना ड्रम ब्रेक आणि त्या सर्वांना मिळून तेलाची एकच टाकी. एखादी नळी फुटली की चारी चाकांचे ब्रेक एकदम निकामी. दुहेरी टाकीची सोय फोर्डने १९६७ पासून केली, आणि ती जुन्या गाडीला बसविता येते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या मराठी वाचकाला अशी गाडी घेण्याचा मोह होईल, त्याने पैसे मोजण्यापूर्वी पुढचा गालिचा उचलून खालचा पत्रा पाहावा, आणि गाडी घरी आल्यावर पहिला खर्च ब्रेकवर करावा. रंगाची घाई नाही.