उन्हाळा, पोरं आणि त्यांचे डोळे

चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा भरते. मुंगी घाटातून कावडी वर चढत असतात तेव्हा माण तालुक्यातलं ऊन नुसतं भाजून काढतं. बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं असतात आणि त्यातल्या कितीतरी पोरांच्या डोळ्यांवर यात्रेतच घेतलेला लाल-निळ्या काचेचा गॉगल. दिसतात मोठी गोड! पण मैत्रिणींनो, असा गॉगल घालण्यापेक्षा न घातलेला बरा.

काच गडद आहे म्हणजे ती उन्हातले अतिनील किरण अडवते असं नाही. उलट गडद काचेमागे अंधार वाटतो, डोळ्याची बाहुली मोठी होते आणि न अडलेले किरण जास्तच आत शिरतात. त्यात लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग आपल्यापेक्षा नितळ. घ्यायचाच तर 'यूव्ही ४००' असलेला, चष्म्याच्या दुकानातून घ्यावा. मला विचाराल तर लहानग्यांना रुंद काठाची टोपीच बरी. गॉगल काय, दहा मिनिटांत हरवतो.

"मग सुट्टीत घरातच कोंडू का ह्यांना?" सांगलीच्या माझ्या नणंदेने फोनवर विचारलं. म्हटलं, मुळीच नको वन्सं! चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा मैदानावर नेलं. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. तीन वर्षांनी नेहमीच्या वर्गांतल्या शंभरातल्या सुमारे ४० मुलांना लांबचं अंधुक दिसू लागलं होतं, मैदानावर नेलेल्यांत सुमारे ३० मुलांना. बाहेरचा उजेड डोळ्यांच्या वाढीला लागतोच. फक्त भर दुपार टाळायची. सकाळी दहाच्या आत, नाहीतर चारनंतर खेळू द्यावं. झाडाच्या सावलीतला उजेडही चालतो.

आता खरी काळजीची गोष्ट. फाल्गुन-चैत्र आला की काही मुलं डोळे चोळायला लागतात. डोळे लाल होतात, उजेड सोसत नाही, पांढरी चिकट तार येते. मुलग्यांत हे जास्त दिसतं. डोळे आलेत असं समजून आपण गप्प बसतो, पण दर उन्हाळ्यात असंच होत असेल तर ती ॲलर्जी असते. डॉक्टर तिला 'स्प्रिंग कटार' म्हणतात. माण-खटाव, आटपाडी-जतकडच्या कोरड्या हवेत आणि धुळीत ती जास्त त्रास देते. बहुतेक मुलांची वयात आल्यावर कमी होते.

माझ्या ओळखीतल्या एका आईनं मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय थेंब आणले. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र! मग दर वेळी तीच बाटली. तीन उन्हाळे असे गेल्यावर शाळेत पोराला फळ्यावरचं दिसेना. तपासलं तर डोळ्यातला दाब वाढलेला, म्हणजे काचबिंदू. त्या थेंबात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड वाईट नाही, डॉक्टर गरजेला देतात, पण दाब तपासत आणि मोजके दिवस. मनाने वापरत राहिलं तर काचबिंदू होतो, मोतीबिंदूही होतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही नावं बाटलीवर दिसली की डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब घालू नका.

खाज सुटली की स्वच्छ गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. डोळे चोळू देऊ नयेत, सारखं चोळून बुबुळाचा आकारसुद्धा बिघडतो. काजळ नकोच, काही काजळात शिसं निघालेलं आहे, सासूबाई कितीही म्हणोत!

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. डोळेही बघतात, पैसे पडत नाहीत. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. घरात डोळ्यांच्या थेंबांची जुनी बाटली असेल तर आजच बघा. उघडून महिना झाला असेल तर टाकून द्या, आणि पुढची उघडाल तेव्हा तिच्यावर पेनने तारीख घाला.