जीर्ण पानांचा पारखी : सॉलोमन शेक्टर

पोथी जीर्ण झाली, पानें कसरीनें खाल्लीं, अक्षर पुसट झालें, तरी आपल्या घरांतून ती केरांत जात नाहीं, गंगार्पण होते. यहुदी लोकांची रीतही अशीच आहे. ईश्वराचें नांव ज्यावर असण्याचा संभव आहे असा कागद ते नष्ट करीत नाहींत. प्रार्थनामंदिराच्या एका कोठडींत ठेवितात व पुढें भूमींत पुरतात. त्या कोठडीस ‘गेनिझा’ म्हणतात. आमच्या कितीएक पोथ्या नदीनें गिळल्या. जुन्या कैरोंतील बेन एझ्रा मंदिराची कोठडी मात्र शतकानुशतकें भरतच राहिली, आणि तिनें एका पंडिताच्या आयुष्याचें सोनें केलें.

सॉलोमन शेक्टर हे रुमानियांतील फोक्शानी गांवचे. जन्म १८४७ च्या सुमाराचा. धर्मग्रंथांचें अध्ययन लहानपणीं जुन्या पद्धतीनें झालें. नवी चिकित्सा ते व्हिएन्ना व बर्लिन येथें शिकले. १८८२ मध्यें ते शिक्षक म्हणून इंग्लंडांत आले आणि १८९० पासून केंब्रिज येथें अध्यापन करूं लागले. शास्त्री आणि प्रोफेसर हे आपल्याकडे बहुधा दोन निरनिराळे गृहस्थ असतात. शेक्टरांच्या ठायीं ते एकत्र नांदत होते.

इ. स. पूर्वी १८० च्या सुमारास यरुशलेमांत बेन सिरा नांवाच्या आचार्यानें हिब्रू भाषेंत एक नीतिग्रंथ रचिला. त्याच्या नातवानें त्याचें ग्रीक भाषांतर केलें. तें टिकलें, मूळ लुप्त झालें. गुणाढ्याची पैशाची बृहत्कथा गेली आणि सोमदेवाचा कथासरित्सागर मागें राहिला, तसाच हा प्रकार. १८९६ च्या मे महिन्यांत ॲग्नेस लुईस व मार्गारेट गिब्सन या जुळ्या विदुषी भगिनींनीं पूर्वेकडील प्रवासांत विकत घेतलेलीं कांहीं मळकट पानें शेक्टरांस दाखविलीं. यहुदी ग्रंथांत विखुरलेलीं बेन सिराचीं अवतरणें त्यांनीं पूर्वींच जमविलीं होतीं, म्हणून त्यांतील एक पान त्यांनीं तात्काळ ओळखिलें. तें त्या लुप्त हिब्रू ग्रंथाचें होतें!

त्याच वर्षीं डिसेंबरांत ते कैरोस गेले. केंब्रिजमधील डॉ. चार्ल्स टेलर यांनीं खर्चाचा भार उचलिला. कैरोच्या मुख्य धर्मगुरूंनीं अनुज्ञा दिली. कोठडीचें द्वार भिंतींत उंचावर, शिडी लावून चढावें लागे. आंत धर्मग्रंथ, ताईत, करारनामे, मुलांच्या अक्षरओळखीचीं पानें, सारीं एकमेकांस चिकटलेलीं. अनेक शतकांच्या त्या धुळींत बसून त्यांनीं निवड केली. प्रकृतीस तें बाधलें. सुमारें १,९३,००० तुकडे केंब्रिजला आले. मलबार किनाऱ्याशीं व्यापार करणाऱ्या यहुदी सावकारांचीं पत्रेंही या गेनिझांतून पुढें उजेडांत आलीं. हें आम्हांस विशेष वाटतें.

एवढा अट्टाहास कशासाठीं? बायबलांतील कित्येक भाग फार अर्वाचीन आहेत, असें युरोपांतील चिकित्सक सांगत. बेन सिराचा काळ ठाऊक; त्याची मूळ भाषा हातीं आली तर इतर ग्रंथांचें वय तीवरून पडताळतां येईल, ही शेक्टरांची धारणा होती. १९०३ मधील एका भाषणांत त्यांनीं या ‘उच्च चिकित्से’ला ‘उच्च यहुदीद्वेष’ म्हटलें. शब्द तिखट आहे, सरसकट न्याय्यही नव्हे; परंतु आपल्या ग्रंथांचा काळ परक्यांनीं ठरवावा, याचें शल्य आम्हां संस्कृतज्ञांस अपरिचित नाहीं.

१८९९ मध्यें शेक्टर व टेलर यांनीं बेन सिराचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं ऑक्सफर्डचे प्रोफेसर मार्गोलियूथ यांनीं आक्षेप घेतला कीं, हें मूळ नव्हेच. कोणीतरी मागाहून भाषांतरांवरून पुन्हां हिब्रूंत उतरविलेला हा मजकूर आहे. आक्षेप उडवून लावण्याजोगा नव्हता. हस्तलिखितें मध्ययुगीन होतीं, आणि शेक्टरांपाशीं भाषेच्या पारखीवांचून दुसरा साक्षीदार नव्हता. वाद मिटला नाहीं. १९०२ मध्यें ते न्यूयॉर्क येथील यहुदी धर्मविद्यालयाचे प्रमुख झाले. १९१० मध्यें त्यांनीं गेनिझांतीलच एका अज्ञात पंथाचा नियमग्रंथ छापिला; त्याच्या प्रती पुढें मृतसमुद्राजवळील कुमरानच्या गुहांत निघाल्या.

बेन सिराचा निकाल लागण्यास १९६४ साल उजाडावें लागलें. मसादा किल्ल्याच्या उत्खननांत यिगाएल यादीन यांस त्या ग्रंथाची एक फाटकी गुंडाळी सांपडली. किल्ला इ. स. ७३ च्या सुमारास रोमनांच्या हातीं पडला, तेव्हां गुंडाळी त्याहून जुनी हें उघड झालें. तिचा हिब्रू पाठ गेनिझांतील पाठाशीं बहुतांशीं जुळला. लेखकांनीं मधल्या काळांत फेरफार केले होते, परंतु शेक्टरांनीं ओळखिलें तें मूळच होतें. त्या मळकट पानावरील ३९ व्या अध्यायाच्या शेवटच्या ओळी या गुंडाळींतही आहेत. शेक्टर १९१५ मध्येंच वारले होते. मार्गोलियूथ १९४० मध्यें.