माळ्यावरचा घट्ट डबा

चिंचवडच्या आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबात दिवाळीची झाडलोट चालू असता माळ्यावरून एक जुना पत्र्याचा डबा खाली आला. काकांनी तरुणपणी ग्लायडरदुरुस्तीच्या कामावर असताना तो जपून ठेवला होता. आत विमानाच्या कापडास लावावयाचे डोप होते. परंतु ते पार घट्ट झालेले. "चांगली वस्तू टाकायची कशी?" असे आजींचे म्हणणे, तर "काका, माझ्या कागदी विमानाला द्या ना!" असा पुतण्याचा हट्ट. आम्हांस विचारण्यात आले; तो विचार इतर घरांसही उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहो.

पुण्याच्या हडपसर येथील ग्लायडर केंद्राचे नाव पुष्कळांच्या कानावर असेल. १९६१ साली प्रथम उडालेले 'रोहिणी' हे भारतीय ग्लायडर लाकूड आणि कापड यांचेच होते. पंखावरचे सैल कापड डोपने ताणले जाते आणि त्याची छिद्रे बुजतात. डोपचा जुना प्रकार कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून व तो पदार्थ द्रावकात विरघळवून होतो. पिंपरी-भोसरीच्या जुन्या रंगाऱ्यांच्या तोंडी असलेला 'ड्युको' हा त्याचाच भाऊबंद.

आता घट्ट होण्याचे प्रकार दोन. द्रावक उडून गेल्याने डोप घट्ट होते. ते गुळाच्या खड्यासारखे पुन्हा विरघळू शकते. उलट दारांचा तेलरंग हवेतील प्राणवायू घेऊन, किंवा गॅरेजमधील दोन द्रव्ये मिसळून लावावयाचा रंग त्या द्रव्यांच्या परस्परक्रियेने घट्ट होतो. त्याचे दही झाले. दह्याचे पुन्हा दूध होत नाही. जुने डोपही पुष्कळ वर्षांनी आम्लधर्मी होऊन बिघडते. डबा फुगला असेल, तपकिरी वाफ दिसत असेल वा नाकास झोंबणारा वास येत असेल, तर तो उघडूच नये.

तशी चिन्हे नसल्यास घराबाहेर, चूल, निरांजन, विडी व विजेच्या बटणापासून दूर, परीक्षा करावी. सुकलेले डोप फार ज्वालाग्राही असते. म्हणून हातोडी-छिन्नी लावू नये. वर थोडे ॲसिटोन घालून ते मऊ झाल्यावर लाकडी काडीने वाटाण्याएवढा तुकडा काढावा व काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवावा. तो मधासारखा एकजीव झाला तर आशा आहे. जेलीसारखा फुगून राहिला तर नाही. मग चौकटीवर ताणलेल्या कापडावर हात देऊन वाळवावे व दुमडून पाहावे. ही परीक्षा पावसाळ्यात करू नये. दमट हवेत डोपवर पांढरी झाक येते. चिंध्या पाण्यात भिजवून ठेवाव्यात.

वाफेची हयगय करू नये. १९१४ साली लंडनजवळच्या हेंडन येथे विमानकारखान्यातील डोपमधील टेट्राक्लोरोइथेन ह्या द्रावकाने कामगारांस विषारी कावीळ झाली आणि काही दगावले. ते द्रावक पुढे डोपमधून काढण्यात आले. तरी मोकळी हवा हवीच.

ह्या डब्यातील तुकडा विरघळला. पण वाळलेल्या कापडाची घडी घालताच त्यास तडा गेला. आजी म्हणाल्या, "लेकराच्या खेळण्याला काय हरकत आहे?" काका काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आई, खऱ्या पंखावर हे लावले असते, तर मी त्यात कोणाला बसू दिले नसते. मग पोराच्या हातात हा पेटता जिन्नस कसा देऊ?"

चाकण-पिंपरीच्या कारखान्यांचा घातक कचरा रांजणगावच्या सामाईक केंद्राकडे जातो. घरच्या डब्यासाठी महानगरपालिकेकडे चौकशी करून तो घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा, मोरीत वा उकिरड्यावर ओतू नये. काकांनी तसेच केले, आणि पुतण्यास नवी छोटी बाटली आणून दिली. ती माळ्यावर जाणार नाही, असे आजींनीच बजावले आहे.