म्हातारपणचा ठणका आणि बांधावरची कळलावी

काकवीची बरणी थंडीत बरेच दिवस ठेवली की तळाशी साखरेचे खडे बसतात. सांध्यातही असेच घडते. वय झाले, मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात युरिक ॲसिड साठते आणि त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात बसतात. मग एखाद्या रात्री पायाचा अंगठा लाल होऊन असा ठणकतो की वाकळसुद्धा अंगावर सोसवत नाही. हा गाउट; आयुर्वेदात याला वातरक्त म्हणतात.

दुसरा प्रकार कॅल्शियमच्या स्फटिकांचा. तो बहुधा साठीनंतर, गुडघ्यात नाहीतर मनगटात दिसतो. युरिक ॲसिडच्या गोळ्या इथे कामाच्या नाहीत. अमेरिकेतील डॉ. मॅकार्टी यांनी १९६१-६२ साली सांध्यातले पाणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून हा फरक दाखवला. खात्रीची तपासणी आजही तीच. ठणका चालू असताना रक्तातले युरिक ॲसिड कधी कधी बरोबर येते, त्यावर फसू नका.

आता बांधाकडे वळू. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या फुलांची कळलावी चढते. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असते. डॉक्टर ठणक्यावर याचीच अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी देतात. पण म्हणून कंद उगाळून देऊ नका, जीव जाईल! फवारणीचे औषध आपण मापाने घेतो. मग पोटातले औषध अंदाजाने कसे चालेल?

बाजारातल्या बिनलेबलाच्या ‘वाताच्या पुडी’चेही तसेच. तिच्यात स्टिरॉइड असू शकते. दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी रोज घेतली तर मूत्रपिंड बिघडते, आणि युरिक ॲसिड बाहेर टाकणारे तेच!

मग करायचे काय? सांधा सुजून गरम झाला आणि तापही आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आत पू असू शकतो. दारू सोडा, मटण-वजडी कमी करा. डाळ बंद करू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी युरिक ॲसिड वाढते. डॉक्टरांना सांगा, पण गोळी आपल्या मनाने थांबवू नका. गाउटला ॲलोप्युरिनॉल चालू केले असेल तर ठणका थांबला म्हणून ते सोडू नका. अंगावर पुरळ उठले तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. युरिक ॲसिड सहाच्या खाली राहिले की खडे हळूहळू विरघळतात.

सरपंच आणि आशाताईंनी एवढे गावात जरूर सांगावे. ‘वय झालं, दुखणारच’ असे म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कण्हत ठेवू नका.