समुपदेशकाच्या खोलीत काय चालते?

एखाद्या कॅडेटला समुपदेशकाकडे पाठवले की वसतिगृहात दोन तर्क निघतात. एक, त्याच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. दोन, तिथे त्याला उपदेश ऐकावा लागणार. दोन्ही तर्क चुकीचे आहेत, आणि त्यांच्यामुळेच ज्याला मदत हवी तो ती मागत नाही. मी ज्या पद्धतीने काम करतो तिला कॉग्निटिव्ह थेरपी, मराठीत बोधनिक उपचारपद्धती, म्हणतात. ही पद्धत समोरच्या माणसाकडे कशी पाहते, एवढेच येथे सांगतो.

ती घडवली डॉ. ॲरन बेक (१९२१–२०२१) या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी. कोरियन युद्धाच्या काळात ते लष्करी रुग्णालयात काम करीत होते. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी नैराश्यग्रस्त रुग्णांच्या स्वप्नांचा अभ्यास केला. तेव्हाची समजूत अशी होती, की अशा माणसाच्या मनात राग दडलेला असतो आणि तो त्याच्यावरच उलटतो. स्वप्नांत मात्र अपयश आणि काहीतरी गमावणे हेच पुन्हा पुन्हा दिसले. जागेपणीही रुग्णांच्या मनात ‘मी नालायक’, ‘आता काही होणार नाही’ अशी वाक्ये झटकन येऊन जात. ती आली हे त्यांच्या ध्यानातही येत नसे. मागे उरे ती उदासी. बेक यांनी त्यांना स्वयंचलित विचार म्हटले. असे विचार सगळ्यांनाच येतात, अगदी ड्रिल उस्तादांनासुद्धा.

रायफलीचे झीरोइंग चुकले की नेमबाज कितीही चांगला असो, गोळ्या एकाच बाजूला जातात. म्हणून रायफल कोणी फेकून देत नाही. गोळ्या कुठे लागल्या ते टार्गेटवर पाहायचे आणि साइट सरकवायची. बोधनिक उपचारात माणसाच्या विचारांकडे साधारण असेच पाहिले जाते.

एक उदाहरण देतो. ते त्या मुलाच्या परवानगीने, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून. एका जुन्या तुकडीबरोबर आम्ही वाराणसीला मुन्शी घाटावर होतो. दशाश्वमेधच्या दक्षिणेला, अहिल्याबाई घाटाला लागून असलेला हा घाट नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधवला, म्हणून हे नाव. होडीत बसायची वेळ आली आणि एक कॅडेट पायरीवरच थांबला. बाकीचे हसले. ‘घाबरू नकोस’ असे मी म्हटले नाही, कारण भीती हुकमाने जात नाही.

“आत्ता मनात नेमके काय आले?”

“होडी उलटेल, सर.”

“शंभरात किती खात्री?”

“ऐंशी.”

मग आम्ही दोघे पायरीवर बसलो आणि समोरून जाणाऱ्या होड्या त्याने मोजल्या. चौतीस गेल्या, उलटली एकही नाही. आकडा त्याने स्वतःच तीसवर आणला. शून्याचा आग्रह मी धरला नाही. नदीत धोका असतोच, म्हणून तर लाइफ जॅकेट असते. आधी काठाला बांधलेल्या होडीत तो पाच मिनिटे बसून राहिला, हेलकावा म्हणजे काय ते पाहिले. मग जॅकेट घालून फेरीला आला, सारा वेळ कड घट्ट धरून.

खरे दुखणे परतल्यावर कळले. होडीची भीती वाटली याचा तो स्वतःपुरता काय अर्थ लावतो, असे विचारल्यावर तो म्हणाला, “घाबरणारा माणूस अधिकारी होऊ शकत नाही, सर.” पोहण्याच्या तासाला त्याचे पोट का दुखायचे, हे त्या एका वाक्यात होते. वरवरचे विचार अशा खोल समजुतींतून फुटतात, असे बेक मांडतात. ती समजूतही आम्ही होड्यांसारखीच तपासली. भीती वाटत असूनही आपण काय काय केले, याची यादी त्याने लिहिली: घोड्यावरून पडल्यावर पुन्हा खोगिरावर बसलो, घर सोडून या शाळेत आलो. यादी त्याची आणि निष्कर्षही त्याचाच.

दोघांनी मिळून पुरावा तपासणे हा या पद्धतीचा गाभा आहे. उपचार करणाऱ्याला तपासणीची रीत माहीत असते. त्या मनात काय चालले आहे हे मात्र समोरच्यालाच ठाऊक असते. त्यामुळे भेटीत कशावर बोलायचे हे दोघे ठरवतात, मधल्या दिवसांत करायचा सरावही. विचार तपासाअंती खरा निघू शकतो. गणितात नापास होण्याची शक्यता खरीच असेल, तर ‘सकारात्मक विचार कर’ म्हणण्यापेक्षा अभ्यासाचे वेळापत्रक करायला बसणे बरे.

हा मार्ग महाराष्ट्राला नवा नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली, याच घराण्यातली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी इथे रुजवली. एलिस यांच्याशी त्यांचा अनेक वर्षे पत्रव्यवहार होता. डॉ. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी ग्रंथालयात मिळाली तर जरूर वाचा. एलिस रुग्णाशी सडेतोड वाद घालत. मला मात्र शाळेत बेक यांचे प्रश्न विचारणे अधिक उपयोगी वाटते. आपल्याकडे वरिष्ठाने वाद घातला की मुलगा ‘येस सर’ म्हणून मोकळा होतो आणि विचार आहे तिथेच राहतो.

पालकांनो, फोनवर मुलगा म्हणाला की “माझ्याने होणार नाही”, तर लगेच “होईल रे” म्हणू नका. “असे कशावरून वाटते?” एवढे विचारा आणि थांबा. मात्र झोप, भूक उडाली असेल, जगणे नकोसे वाटते अशी भाषा येत असेल, तर नुसत्या बोलण्यावर राहू नका. मनोविकारतज्ज्ञाकडे न्या, औषधेही लागू शकतात. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते, मराठीतूनही.