अर्धवटराव आणि मोठी माणसे

वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावयाचे म्हणजे किमान वेतन, कंत्राटी पद्धत, फार तर कामगार कायदे, अशी लोकांची अपेक्षा असते. आम्ही या वर्षी बोलक्या बाहुल्यांवर बोलणार हे कळल्यावर एका जुन्या स्नेह्यांनी आम्हांस स्टेशनच्या वाटेवर गाठले आणि विचारले, "काय पुढारी, आता पोरांची शिबिरे घ्यायला लागलात काय?" त्यांच्या या प्रश्नातच आमचा विषय आला. बाहुली म्हटली की पोर, हे समीकरण आपल्या डोक्यात इतके पक्के केव्हा बसले आणि कोणी बसवले? ज्या अर्धवटरावावर महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या जीव लावला, त्याच्यात मोठ्या माणसांना धरून ठेवण्याचे बळ आता उरले नाही, असे सर्रास बोलले जाते. ते खरे आहे काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

वसंत कानेटकरांच्या जन्मगावी नाटकाविषयी दोन शब्द बोलावयाचे तर आरंभ सांगलीपासून करणे भाग आहे. 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले आणि मराठी रंगभूमीचा जन्म झाला, हे शाळेतले पोरही सांगते. पण त्या आधी या भाव्यांना लाकडी बाहुल्या घडविण्याचा आणि त्यांचे खेळ करण्याचा नाद होता, हे थोड्यांच्या ध्यानात राहते. म्हणजे आपली रंगभूमी माणसांच्या पायावर उभी राहण्यापूर्वी लाकडाच्या पायावर उभी राहू पाहत होती. आणि या बाहुल्या कोणासाठी? संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन आणि त्यांचा दरबार काही पाळण्यात खेळत नव्हता! तिकडे कुडाळ तालुक्यात पिंगुळीला ठाकर मंडळी कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ व चित्रकथी पिढ्यान् पिढ्या करीत आली. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. देवळाच्या पटांगणात रामायण-महाभारत ऐकावयास बसणारा श्रोता बहुतेक प्रौढच असे. मुले शेजारी झोपी जात.

आता अर्धवटरावाकडे येऊ. यशवंत केशव पाध्ये यांनी शब्दभ्रमाची कला या देशात रुजविली. त्यांच्या मांडीवर बसणारा अर्धवटराव आता शंभरीला आला. पुढे त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये, शिक्षणाने यंत्र-अभियंते, यांनी 1967 पासून हा वारसा चालविला. त्यांनी कितीतरी नवी पात्रे निर्माण केली. इतकेच नव्हे, तर भाव्यांच्या पेटीत पडून राहिलेल्या बाहुल्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. त्यांच्या घरची पुढची पिढीही याच कामात आहे. नोकरीसाठी वडिलांचा धंदा सोडणारे हजार घरी दिसतात, तेथे तीन पिढ्या एका बाहुल्याचा सांभाळ करतात ही लहान गोष्ट नव्हे.

पण अर्धवटराव हे पात्र कसले आहे ते पाहा. तो मूल नाही. तो चांगला संसारी गृहस्थ आहे, आवडाबाई त्याची बायको. त्याचे विषय संसाराचे, त्याची खोड भोचकपणाची, आणि त्याचे नाव अर्धवट! ज्याला जगाने अर्धवट ठरविले, त्याला शहाण्यांना प्रश्न विचारण्याची मुभा आपोआप मिळते. गावातल्या वेड्याला पाटलासमोर जे बोलता येई ते शहाण्याला येत नसे. बाहुला बोलला तर दोष कोणाचा? बोलविता धनी म्हणतो, "मी कुठे बोललो?" आणि बाहुल्याला तर नोटीस देता येत नाही. मोठ्या माणसाला बाहुलीत जी गोडी वाटते ती रंगीत कपड्यांची नव्हे, या पळवाटेची आहे, असे आमचे मत आहे.

ही कला चालते कशी, तेही थोडे सांगितले पाहिजे. आवाज कोठेही 'फेकला' जात नाही. आपला कान दिशेच्या बाबतीत डोळ्यावर फार विसंबून असतो. जत्रेतल्या तंबूच्या सिनेमात कर्णा पडद्याच्या एका अंगाला टांगलेला असला तरी संवाद नायकाच्या तोंडातूनच येतो असे आपणांस वाटे, तोच हा प्रकार. बाहुल्याचा जबडा हलतो, माणसाचे ओठ स्थिर असतात, मग मन आपला निवाडा देऊन मोकळे होते. खरी अडचण अक्षरांची. प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरे ओठ मिटल्याखेरीज निघत नाहीत. तेव्हा शब्दभ्रमकार जिभेच्या आधाराने 'प'च्या जागी 'त'सारखा, 'ब'च्या जागी 'द'सारखा आणि 'म'च्या जागी 'न'सारखा ध्वनी काढतो, आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने तो इतका जवळ आणतो की उरलेले काम ऐकणाराचा कान करतो. 'अर्धवटराव' या नावात ओठ मिटावे लागणारे एकही अक्षर नाही. हेतुपुरस्सर असो वा योगायोगाने. उलट आमच्या चळवळीचे शब्द घ्या: पगार, बोनस, मालक, मॅनेजर, भत्ता, फरक. बाहुल्याच्या तोंडी एकही सुखाने बसत नाही!

मग हा गृहस्थ पोरांच्या गोटात गेला कसा? याचे पुष्कळसे उत्तर दूरचित्रवाणीत आहे. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि ज्या बाहुल्या पाहण्यासाठी तिकीट काढून नाट्यगृहात जावे लागे त्या घरात आल्या. घरात आल्या म्हणजे साऱ्या कुटुंबाच्या झाल्या, आणि साऱ्या कुटुंबाचे म्हणून जे जे होते ते हळूहळू सर्वांत लहान मुलाच्या मापाने बेतले जाते. शाळेची संमेलने, वाढदिवस, जाहिराती हीच बाहुल्यांची ठिकाणे झाली. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला हसरा ससा पाध्यांचाच. आम्हांस त्या सशाचे वावडे नाही. 1959 साली गिरगावात सात बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या, आणि लाटणारणीच मालकीण असलेल्या संस्थेची भलावण करणारा ससा आमच्या बिरादरीतलाच म्हणावयाचा. पण ससा प्रश्न विचारीत नाही. तो पापड खातो आणि हसतो.

त्यानंतर 1993 साली महेश कोठाऱ्यांचा 'झपाटलेला' आला. त्यातला तात्या विंचू हा बाहुलाही पाध्यांच्याच हातचा. एका गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना अमेरिकन चित्रपटावरून घेतलेली होती. पण आपल्याकडच्या मुलांची झोप त्याने अशी उडविली की आज चाळिशी ओलांडलेली माणसेही त्याचे नाव हसून आणि थोडे दचकून घेतात. 2013 साली त्याचा दुसरा भागही निघाला. यावरून कोणी म्हणेल, पाहा, मोठ्यांना गोडी आहेच! आम्हांस हा पुरावा पुरेसा वाटत नाही. चाळिशीचा माणूस तात्या विंचूवर प्रेम करतो तेव्हा तो बहुधा आपल्या दहाव्या वर्षावर प्रेम करीत असतो. आठवण वेगळी आणि आजची ओढ वेगळी. आजीच्या हातची चटणी आठवते म्हणून आज कोणी पाट्यावर वाटीत बसत नाही.

हा वाद आपल्याकडेच आहे असे नव्हे. अमेरिकेत जिम हेन्सन या कलावंताने 1955 पासून 'मपेट' नावाच्या बाहुल्या दूरचित्रवाणीवर नाचविल्या. 1969 साली मुलांच्या शिक्षणाच्या एका कार्यक्रमात त्या गाजल्या आणि त्यांच्यावर पोरांचा शिक्का बसला. तो पुसण्यासाठी त्याने मोठ्यांचा कार्यक्रम योजला, तर तिकडच्या वाहिन्यांनी तो घेतला नाही; 1976 ते 1981 या काळात तो इंग्लंडात तयार करावा लागला आणि मग जगभर पाहिला गेला. त्यात सज्ज्यात बसून चाललेल्या खेळालाच नावे ठेवणारे दोन म्हातारे होते. हेन्सन 1990 साली वारला, 2004 साली डिस्ने कंपनीने त्या बाहुल्या विकत घेतल्या, आणि 2015 साली त्यांना पुन्हा 'प्रौढ' करण्यासाठी प्रेमभंग आणि दारूचे गुत्ते दाखविणारी मालिका काढली. ती एका हंगामात बंद पडली. चावट विषय घातले की मोठी माणसे येतात ही समजूत तेथेही खोटी ठरली. उलट ब्रिटनमध्ये 1984 पासून बारा वर्षे राज्यकर्त्यांची टर उडविणाऱ्या रबरी बाहुल्या चालल्या, आणि आपल्याकडे हिंदीत 'गुस्ताखी माफ' लोकांनी आवडीने पाहिले. म्हणजे भूक मेलेली नाही.

पुस्तकातला पुरावा एवढा पुरे. आता डोळ्यांनी पाहिलेले सांगतो.

आम्ही विशीत असताना या भागातल्या एका कारखान्यात वर्कशॉपला होतो. आमच्या शेजारी एक फिटर होते. सारे त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांनी पांगाऱ्याच्या लाकडाचा एक बाहुला केला होता. जबड्याला सायकलच्या ब्रेकची तार, डोक्यावर टाइमकीपरची टोपी. शब्दभ्रम ते आरशापुढे बसून शिकले. वार्षिक संमेलनात रात्री हा बाहुला मिस्त्रींच्या मांडीवर बसला आणि पहिल्या रांगेकडे मान वळवून म्हणाला, "सायेब, कारखान्याचा भोंगा येळेवर वाजतोय, मग आमची यादी कुठं आडलीय?" यादी म्हणजे थकलेल्या फरकाची. चारशे माणूस हसला, आणि विशेष हे की साहेबमंडळीही हसली. आठवड्यात यादी लागली. ती बाहुल्यामुळे लागली असे आम्ही म्हणणार नाही.

दुसऱ्या वर्षी पत्रिकेत छापून आले: "बालगोपाळांसाठी बाहुल्यांचा खेळ, दुपारी 4 वाजता." विषयही नेमून दिले होते, स्वच्छता आणि पाण्याची बचत. मिस्त्रींनी खेळ केला. पोरे हसली, मोठी माणसे चहाच्या टेबलाशी उभी राहिली. तिसऱ्या वर्षी खेळच वगळला आणि समितीच्या बैठकीत कारण सांगण्यात आले, की प्रौढ प्रेक्षकांना बाहुल्यांत रस उरलेला नाही. आधी जेवणातले मीठ काढावयाचे आणि मग म्हणावयाचे, पाहुणे जेवत नाहीत.

येथवर सांगून थांबलो असतो तर आमच्या बाजूने टाळी पडली असती. पण खरे सांगावयाचे तर अर्धा दोष आमच्याकडे येतो. मिस्त्रींना आम्ही युनियनच्या मेळाव्यात सन्मानाने बोलाविले. बाहुल्याने व्यवस्थापनाला झोडपले, टाळ्या झाल्या. मग त्याने मान फिरविली ती थेट आमच्याकडे. "पुढारी, वर्गणी दिली त्याला सा म्हैनं झालं. पावती छापायला ईलायतेला धाडलीया व्हय?" माणसे अशी हसली की मांडवाचे खांब हलले. आम्ही नाही हसलो. आमचे कान तापले. पावत्या खरोखरच राहिल्या होत्या, त्यात कोणाची लबाडी नव्हती, केवळ हलगर्जी होती. कार्यक्रम संपल्यावर आम्ही मिस्त्रींना बाजूला घेऊन सांगितले, की पुढच्या वेळी काय बोलावयाचे ते आधी लिहून दाखवा. त्यांनी लिहून दाखविले. पुढच्या मेळाव्यात बाहुल्याने आमचेच पत्रक वाचले. चुकले काहीच नाही आणि हसले कोणीच नाही. त्यानंतर मिस्त्रींनी बाहुला ट्रंकेत ठेवला. तेव्हा आम्ही आमच्या सहकाऱ्यांस जे वाक्य बोललो ते आम्हांस आजही स्वच्छ आठवते: "लोकांना आता असल्या खेळांत गोडी राहिली नाही."

म्हणून अर्धवटरावाने मोठी माणसे गमावली की काय, या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देतो: माणसे त्याला सोडून गेली नाहीत, मोठ्यांच्या पंक्तीतून त्याचे पान उचलले गेले. जेथे जेथे बाहुल्याला कोणाकडेही मान वळविण्याची मोकळीक राहिली तेथे प्रौढ प्रेक्षक राहिला. जेथे ती काढून घेतली तेथे पोरे राहिली, आणि पोरांना तरी दुसरा पर्याय कोठे होता? मोबाइलने प्रेक्षक नेला असे म्हणणारांना आमचे एवढेच सांगणे, की आमच्या मिस्त्रींचा बाहुला ट्रंकेत गेला तेव्हा पंचक्रोशीत मोबाइल नव्हता.

मिस्त्री आता पंच्याहत्तरीला आले. गेल्या दिवाळीनंतर आम्ही त्यांच्या घरी गेलो. बाहुला हवा होता, आणि उशिरा का होईना, त्या जुन्या गोष्टीबद्दल दोन शब्द बोलावयाचे होते. ते त्यांनी बोलू दिले नाहीत. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पुढारी, पावती मिळाली न्हवं नंतर." बाहुल्याची तार त्यांनी नवी घातली होती. पण पुढचे दात पडल्यामुळे त्यांना स्वतःला खेळ करता येत नाही. ओठ न हलविता 'त' आणि 'द' काढावयाचे तर जिभेला टेकावयास दात लागतात. त्यांच्यापाशी आता त्यांची सून शिकते आहे. ती अंगणवाडी सेविका आहे. पोरांना गोष्टी सांगावयास बाहुली उपयोगी पडते म्हणून तिने सुरुवात केली. परंतु 2023 च्या डिसेंबरात राज्यभर सेविकांचा संप झाला होता, त्यात तीही होती, आणि पुढच्या मोर्चात बाहुला न्यावा असे तिच्या मनात आहे. काय बोलणार ते आम्ही विचारले नाही.

आम्ही निघालो तेव्हा ती आरशापुढे बसून एकाच शब्दाचा सराव करीत होती. शब्द होता 'मानधन'. बाहुल्याच्या तोंडून अजून 'नानधन' येते, आणि मिस्त्री बाजेवरून ओरडत होते, "ओठ हालला, पुन्यांदा!"